भंगारातल्या बरण्या

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या औंधच्या गल्लीत भंगारवाल्याची गाडी दिवसातून दोनदा फिरते. यंदा तिच्यावर लोणच्याच्या तीन बरण्या दिसल्या. पांढऱ्या अंगाच्या, तपकिरी गळ्याच्या. एकीला दादऱ्याची दोरी अजून तशीच होती.

"फुटक्या आहेत का रे?"

"छे गुरुजी, जड होतात म्हणून दिल्या."

जड! याच गल्लीतली मुले मी दरवर्षी डोंगरावरच्या भवानी वस्तुसंग्रहालयात नेतो. पंतप्रतिनिधी भवानरावांनी १९३८ साली उभारलेल्या त्या वास्तूत हेन्री मूरच्या दगडी मायलेकरांपुढे आईबापही तोंडात बोट घालून उभे राहतात. परक्याचा दगड जड होत नाही. आजीची बरणी तेवढी होते!

आणि परक्यांचेच कौतुक करायचे, तर नीट करा. जपानात चहाच्या विधीसाठी चहाची पूड ठेवायची मातीची कुपी असते, तिला 'चाइरे' म्हणतात. मुठीत मावेल एवढी, हस्तिदंती झाकणाची, आणि वरून रेशमी पिशवी. त्यांचा दादराच म्हणा ना! त्यांतल्या जुन्या कुप्या चीनहून आलेल्या. तिकडे त्या औषधे-तेले ठेवायच्या साध्या कुप्या असाव्यात, असे जाणकार सांगतात. एकीचे नाव 'त्सुकुमो नासु'. नासु म्हणजे चक्क वांगे! ओदा नोबुनागासारख्या सेनानीने ती बाळगली. १६१५ साली ओसाकाचा किल्ला जळाला, तेव्हा राखेतून तिचे तुकडे वेचून झाडाच्या चिकाच्या रोगणाने सांधले. आज ती तोक्योच्या सेइकादो संग्रहालयात आहे. आणि आमच्याकडे धडधाकट बरणी भंगारात!

कुणी म्हणेल, हे सरदारांचे चोचले. आम्हाला संसार करायचा आहे. कबूल. बरणीला रेशीम नेसवा, असे मी कुठे म्हणतो? लोणचे घाला, एवढेच म्हणतो. मीठ आणि आंबट तिच्या झिलईला खात नाही. तुमच्या त्या प्लॅस्टिकच्या डब्यात मात्र चार वेळा घासूनही गेल्या वर्षीचा वास राहतो. तो फुटत नाही, हे खरे. पण म्हणूनच त्याला कुणी दोन हातांनी उचलत नाही.

दुसऱ्यांना बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही. टवका उडाला म्हणून आमचीच एक बरणी मी दाराशी छत्र्या ठेवायला नेली होती. ती धुऊन परत आत घेतली, आणि गाडीवरच्या तिन्ही विकत घेतल्या.

"आता यांत घालायचे काय?" सौ.नी विचारले.

बाजारात आवळे आले होते. पिशवी घेऊन मी निघालो.