लोकसहभाग की लोकवर्गणी?

शाळेचा कारभार गावाच्या हाती असावा, हे तत्त्व आता कुणी उघडपणे नाकारत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. वंचित व दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. पूर्णतः विनाअनुदानित शाळा ह्यातून प्रारंभीच वगळल्या गेल्या. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांतील समित्यांचे काम सल्ल्यापुरते उरले. राहिल्या त्या सरकारी आणि जिल्हा परिषदा-नगरपालिकांच्या, म्हणजे प्रामुख्याने गरिबांच्या शाळा.

येथे समितीची कर्तव्ये स्पष्ट आहेत. कारभारावर देखरेख ठेवणे, अनुदानाचा विनियोग तपासणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे. शासनाच्या नियोजनाला व अनुदानाला हाच आराखडा आधारभूत राहील, असे २२ वे कलम सांगते. परंतु व्यवहारात ‘लोकसहभाग’ ह्या शब्दाला भलताच अर्थ चिकटला आहे. भिंतीला रंग हवा, संगणक हवा, की समितीने वर्गणी गोळा करावी! जो खर्च करवसुली करणाऱ्या शासनाने करावयाचा, तो शेतमजुराच्या खिशातून काढणे हा सहभाग नव्हे. तो एक अघोषित करच होय.

दुसराही एक कर आहे. कामाच्या दिवशी भर दुपारी सभा भरते, तेव्हा मजुरी करणाऱ्या आईचा रोज बुडतो. त्याच्या भरपाईची तरतूद कायद्यात नाही. साहजिकच ज्याला सवड तोच येतो, आणि इतरांच्या सह्या मागाहून इतिवृत्तावर होतात. ह्याचा दोष एकट्या मुख्याध्यापकांना देऊन भागणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. सभा मजुरांच्या सोयीच्या वेळी व्हावी. जमाखर्च सर्वांना समजेल असा वाचून दाखवावा. आराखड्यात रिक्त शिक्षकपदे, पाणी, स्वच्छतागृहे ह्यांची मागणी नेमक्या आकड्यांनिशी नोंदवावी. २०२३ साली राज्यात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. अशा वेळी, लहान मुलांना दूरच्या शाळेत पाठविण्यातील अडचणी ज्या समितीने आधीच ठरावात मांडल्या आहेत, तिचा आवाज दडपणे अवघड जाते.

स्वयंसेवी सदस्य हा शासनाचा देणगीदार नव्हे, तर त्याच्याकडे हिशेब मागणारा नागरिक आहे. ही जाणीव रुजविणे, हेच ह्या क्षेत्रातील खरे संघटनकार्य होय.