पाण्यातील पकड

राजपुरीच्या धक्क्यावरून होड्या जंजिऱ्याकडे निघतात, तेव्हा प्रवाशांची दृष्टी किल्ल्याच्या तटावर खिळलेली असते. मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटीने उघडे पडणारे खडक मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाहीत. त्या खडकांवर कालवे बसलेली असतात. पावसाळ्यातील उधाण वाळूचा किनारा बदलून टाकते, तरी कालव जागचे हलत नाही. ओल्या भिंतीवर कागद चिकटवू पाहणाऱ्याला यातील नवल लगेच कळेल. ओल्या जागी पाणी आधीच ठाण मांडून बसलेले असते. डिंकाला धरायला जागाच उरत नाही. मग समुद्रातील जीव खडकाला धरतात कसे?

या प्रश्नाचा सर्वाधिक अभ्यास शिंपल्यांच्या ज्या जातींवर झाला, त्यांच्या एका भाईबंदाला दक्षिण कोकणात शिणाणे म्हणतात. हे शिंपले बारीक तंतूंनी खडक धरतात. त्या तंतूंच्या टोकाशी असलेल्या प्रथिनांत ‘डोपा’ नावाचे अमिनो आम्ल असते, हे हर्बर्ट वेट व त्यांच्या सहकाऱ्याने 1981 मध्ये दाखविले. 2006 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी डोपाचा एकच रेणू अतिसूक्ष्म टोकाला बांधून टायटॅनियमच्या ओल्या पृष्ठभागावर टेकवला आणि ओढून पाहिला. पकड फार बळकट निघाली. शिवाय सुटल्यावर तोच रेणू पुन्हा धरू शकत होता.

येथे धातूसंबंधी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हवेत ठेवलेला बहुतेक धातू उघडा नसतोच. लोखंडावरचा तांबूस गंज हे लोखंडाचे ऑक्साइड होय. टायटॅनियमवरही ऑक्साइडची साय धरते. मात्र ती काही नॅनोमीटर जाडीची, न दिसणारी आणि धातूला जपणारी असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी 1965 मध्ये टायटॅनियमच्या आधारावर माणसाला दात बसविले. आज अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या जबड्यात असा खिळा असतो. हाडाची गाठ पडते ती धातूशी नव्हे, तर त्या सायीशी. तिच्यावर कोणती प्रथिने कशी बसतात, यावर खिळा रुजेल की नाही हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

अमिनो आम्लांची आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. सानो आणि शिबा या जपानी संशोधकांनी 2003 मध्ये अवघ्या सहा अमिनो आम्लांची अशी साखळी प्रसिद्ध केली, की जी टायटॅनियम, चांदी व सिलिकॉन यांना धरते. पण सोने, तांबे, लोखंड यांना धरीत नाही. सहांपैकी तीन कड्या पकडीला अत्यावश्यक ठरल्या: एक धन भाराची, एक ऋण भाराची आणि एक साखळीला बाक देणारी. परंतु ही साखळी आपला धातू ओळखते कशी, हे डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते.

तेथे संगणक उपयोगी पडतो. ऑक्साइडचा तुकडा, पेप्टाइड आणि पाण्याचे हजारो रेणू यांतील प्रत्येक अणूची जागा संगणकात मांडतात. कोणता अणू कोणाला किती ओढतो वा ढकलतो, याचे सूत्र देतात. मग न्यूटनच्या नियमांनी प्रत्येक अणू पुढच्या क्षणी कोठे असेल, हे काढतात. हा क्षण साधारण दोन फेम्टोसेकंदांचा असतो; म्हणून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे चित्र पाहण्यासाठी हेच गणित पन्नास कोटी वेळा करावे लागते. मुरुडहून घाट चढून पुण्यास गेल्यास तेथील आयसर संस्थेत 2019 मध्ये बसविलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. एवढी गणिते अशाच यंत्रांना पेलतात.

या गणितांतून पुढे आलेली गोष्ट पुन्हा पाण्याविषयीचीच होती. ऑक्साइडलगतचे पाणी थरांनी रचलेले असते. कोठे दाट, कोठे विरळ. जर्मनीतील ब्रेमेन येथील श्नायडर व चिआक्की यांनी 2012 मध्ये दाखविले, की ती सहा कड्यांची साखळी याच थरांशी जुळवून घेते. तिचे भारित भाग दाट पाण्यात आणि पाण्याला टाळणारा भाग विरळ पाण्यात जाऊन बसतो. टायटॅनियम व सिलिकॉन यांवरील पाण्याची ठेवण निराळी, म्हणून पकडही निराळी. जे पाणी डिंकाला आडवे येते, तेच येथे पकडीची वाट दाखवते.

या ज्ञानाचे मोल आणखी एका हिशेबाने कळते. शिंपल्यांतून हे चिकट प्रथिन काढावयाचे, तर एका ग्रॅमसाठी सुमारे दहा हजार शिंपले लागतात. शंख-शिंपल्यांची गणना द्वींद्रिय जीवांत करणाऱ्या घरांत हा आकडा नुसता खर्चाचा राहत नाही. पकड कशाने होते, हे कळले तर तेवढी साखळी प्रयोगशाळेत रसायनांपासून जोडता येते आणि शिंपल्याला हात लावावा लागत नाही.

मात्र येथे सावधपणाही हवा. संगणकाला दिलेली सूत्रे चुकली, तर पन्नास कोटी पायऱ्या चढूनही उत्तर चुकीचेच येते. गणितातील काळ क्षणाचा. जबड्यातील खिळ्याला वर्षानुवर्षे टिकावयाचे असते. म्हणून गणिताचा ताळा प्रत्यक्ष प्रयोगाशी घालावाच लागतो, आणि शरीरात बसवावयाच्या वस्तूंसाठी प्राण्यांवरील चाचण्या अजून पूर्णपणे टळलेल्या नाहीत. शेकडो साखळ्यांतून पारखण्याजोग्या चार-पाच निवडून देणे, एवढे काम संगणक आज करू शकतो. उरलेल्या साखळ्यांसाठी जे प्रयोग करावे लागले असते, ते त्यामुळे टळतात. आणि टळलेल्या प्रत्येक प्रयोगामागे काही जीव वाचलेले असू शकतात.