किल्ल्याची माती

आमच्या चाळीत दिवाळीचा किल्ला वसुबारसेच्या आधीच उभा राहू लागतो. गेल्या वर्षी शेजारचा नऊ वर्षांचा पोर मातीच्या शोधात निघाला आणि थेट जवळच्या बंद गिरणीच्या आवारात शिरला. तेथे टॉवरच्या तळघरासाठी खड्डा खणणे चालू होते. पाटीभर माती घेऊन स्वारी मोठ्या विजयी मुद्रेने परतली. माती काळपट, चिकट, उन्हात धरली तर निळसर झाक मारणारी. त्याचे आजोबा, आमचे तात्या, संप होईपर्यंत बारा वर्षे त्याच गिरणीच्या रंगखात्यात होते. त्यांनी चिमूटभर माती नाकाशी नेली आणि पाटी पोराच्या हातून काढून घेतली. "अरे, हा तर आमच्या खात्यातला वास!" एवढेच ते बोलले.

वाचकहो, गिरणगावच्या जमिनीवर आजवर भांडणे काय थोडी झाली? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि एकेक भोंगा कायमचा बंद पडला. पुढे १९९१ साली नियम झाला, की गिरणीची जमीन विकसित करताना तिचे तीन वाटे करावेत : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमाला अशी काही कात्री लागली, की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची व्हावी; गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. मोर्चे निघाले, अग्रलेख झाले, मीही त्यात घसा फोडला आहे. पण जमीन कोणाची, एवढाच आम्हा सर्वांचा प्रश्न. जमिनीत काय मुरले आहे, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही, हे मी माझ्यापुरते तरी कबूल करतो.

गिरणी म्हणजे केवळ चाती आणि साचे नव्हेत. रंगखात्यात कॉस्टिक, ब्लीचिंग पावडर, गंधकाचे रंग, रंग पक्का करायला बायक्रोमेट. बॉयलरपाशी कोळशाची राख आणि भट्टीचे तेल. वाफेच्या नळांना गुंडाळलेला ॲस्बेस्टॉस. "पिंप गळले तर फडक्याने कोण पुसतो? पाणी मारायचे आणि पुढे जायचे," तात्या सांगतात. ते पाणी गेले कुठे?

बिल्डर म्हणतात, आम्ही मातीची तपासणी करतोच. करतात, नाही असे नाही! बोअर घेतात, खडक किती खोल आहे, माती किती भार पेलेल, हे पाहतात. म्हणजे इमारत खचणार नाही याची खात्री होते. त्या मातीत क्रोमियम किती, शिसे किती, तेल किती, ही तपासणी अगदी वेगळी. पैलवानाचे वजन केले म्हणजे त्याच्या रक्ताची तपासणी होत नाही.

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरी एका कंपनीने कालव्याच्या जुन्या चरात सुमारे २१ हजार टन रासायनिक घाण पुरली आणि १९५३ साली ती जागा शाळामंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. तिच्यावर शाळा झाली, भोवती घरे झाली. १९७८ मध्ये तळघरांतून ते सारे वर येऊ लागले तेव्हा आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. आमच्याकडे तर पाऊस चार महिने कोसळतो आणि मुंबईत कितीतरी जमीन भरणीची!

"म्हणजे कामगारांच्या घरांना आणखी खीळ घालता काय?" असे एक पुढारी मला दरडावून म्हणाले. साहेब, चाळीस वर्षे घरे अडली ती काय माती तपासली म्हणून? तपासणी काही महिन्यांची आहे. दोष निघाला तर उपायही आहेत : घाण माती काढून योग्य जागी न्यावी, नाहीतर वर स्वच्छ मातीचा जाड थर द्यावा. आणि ज्याने घाण केली त्याने खर्च द्यावा. हे मी मनचे सांगत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांविषयी नियमच काढले आहेत : स्थानिक प्रशासनाने संशयित जागांची यादी करावी, प्रदूषण मंडळाने नमुने तपासावेत, दोषीकडून खर्च वसूल करावा. मग महापालिकेने प्रत्येक गिरणीचे जुने नकाशे काढून रंगखाते आणि बॉयलर कुठे होता ते हुडकावे, तेथील माती तपासावी, आणि निकाल मराठीत फाटकावर लावावा. विक्रीच्या जाहिरातीएवढ्याच मोठ्या अक्षरांत! घर घेणाऱ्या कोट्यधीशाला तो वाचता यावा, आणि सोडतीत घर लागलेल्या कामगाराच्या विधवेलाही.

तात्यांनी नातवाचे हात साबणाने दोनदा धुवून घेतले. किल्ला शेवटी दुकानातून विकत आणलेल्या लाल मातीचा झाला. शिवाजी महाराज, मावळे, हाळीव पेरलेली शेते, सारे काही यथासांग. त्या खड्ड्यातली बाकीची माती डंपर भरभरून रोज रात्री पुलाखालून जात होती. कोठे टाकता, म्हणून मी एका ड्रायव्हरला विचारले. "भरणीला," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.