माझी सही कुठवर?

परवा बँकेत गेले होते. आमच्या छकुलीचं खातं ती दहा वर्षांची असताना काढलेलं, आजवर माझ्या सहीवर चालणारं. काउंटरवरचा मुलगा भला होता. पासबुक उलटंपालटं करून म्हणाला, "काकू, ही अठरा वर्षांची झाली. आता तुमची सही चालणार नाही. तिची सही लागेल."

मी छकुलीकडे पाहिलं. ती पेनाची दोरी बोटाला गुंडाळत बसली होती. सहीचं सोडा, तिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही. "अहो, मी आई आहे तिची," मी म्हटलं. तो ओशाळून म्हणाला, "ते खरंय काकू, पण कायद्यानं आता तुम्ही तिच्या पालक नाही."

मैत्रिणींनो, अठरा वर्षं जिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिची मी पालक नाही! चांदवडच्या बाजारातून घरी येईपर्यंत ते वाक्य कानात घुमत होतं. रागही आला. पण नंतर कळलं, तो मुलगा खरंच बोलत होता.

मूल सज्ञान झालं की आईबापांचं पालकत्व संपतं, मग त्याची समज चार वर्षांच्या पोराएवढी का असेना. ही अडचण ओळखूनच १९९९ साली 'राष्ट्रीय न्यास' कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता (ज्याला आपण मतिमंदत्व म्हणत आलो) आणि बहुविकलांगता अशा चार प्रकारांत मोडणाऱ्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. पालकानं हयगय केली किंवा पैसा खाल्ला तर त्याला काढताही येतं.

पण मी पालक झाले तरी प्रश्न उरतोच. माझ्यानंतर कोण?

आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर असतं, "भाऊ बघेल." भावाला मात्र कुणी विचारलेलं नसतं, आणि येणाऱ्या सुनेला तर सांगितलेलंही नसतं.

त्यात आपला तालुका शेतीचा, कांद्याचा. बापामागं सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात, या लेकीचंही. अपंगत्व आहे म्हणून वारसाहक्क जात नाही, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय. पण पुढं काय होतं? "तिला काय करायचीय जमीन?" असं म्हणून हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला जातो. आपण कशावर अंगठा देतोय हे जिला कळत नाही, तिचा अंगठा कायद्यापुढे टिकत नाही. पण तिच्या वतीनं भांडायला कायदेशीर पालक हवा ना! तो नसला की ती दोन वेळच्या भाकरीपुरती घरात उरते.

सरकारकडून काय मिळतं तेही बघू. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १५०० वरून २५०० रुपये झालं, पण त्याला उत्पन्नाची अट आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंत आरोग्यविमा आहे. दोन्ही घ्यावं. पण एवढ्यानं जन्म निघत नाही, आणि पैसा असला तरी तिला रात्री उठून पाणी कोण देणार?

म्हणून काही पालकांनी स्वतःच वाट काढली. आपल्या नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, ते घरच्याच अनुभवातून. पण शाळेतली मुलं मोठी होतात, आईबाप म्हातारे होतात. मोठ्या मुलींनी कायमचं राहावं म्हणून विद्याताई फडके यांनी नाशिकजवळ 'घरकुल' उभारलं. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेनंही घर बांधलं, त्याचंही नाव घरकुलच. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी आपलं नाव दिलं. त्यांचं भांडण ह्याच अठराव्या वर्षाशी. अनाथ दिव्यांग मुलांना अठरा झाल्यावर बालगृहातून काढू नका, त्यांना आयुष्यभर तिथंच राहू द्या, असा कायदा करा, ही त्यांची वर्षानुवर्षांची मागणी. त्यांचा सन्मान झाला, आनंद आहे. पण जन्मभराच्या घरांची सोय दर जिल्ह्यात कधी होणार?

गेल्या रविवारी सातपूरच्या कारखान्यातून माझा मुलगा घरी आला, तेव्हा जेवणं झाल्यावर मी सरळ विचारलं, "माझ्यामागं छकुलीचं काय करशील?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, हे तू आजवर विचारलंच नाहीस." आणि पुढं म्हणाला, "ती माझ्याच घरात राहील असा शब्द आज देत नाही. पण तिच्या पैशाचा हिशेब मी ठेवीन, आणि ती जिथं असेल तिथं दर आठवड्याला जाईन."

खरं सांगते, मला रडू आलं. पण रात्री विचार केला, तेव्हा वाटलं, खोट्या होकारापेक्षा हे बरं. 'सांभाळणं' हा एक शब्द आहे, काम मात्र तीन आहेत. राहायचं कुठं, पैसा कुणी बघायचा आणि सही कुणाची. तिन्ही एकाच माणसाच्या गळ्यात मारली की तो मोडतो, नाहीतर पळतो.

म्हणून आता आम्ही तिन्ही वेगवेगळी मांडलीत. पालकत्वाच्या अर्जासाठी दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, जन्मदाखला एका फाइलीत लावलंय. ह्यांनी मृत्युपत्र लिहायला घेतलंय. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी ते चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. छकुलीचा वाटा तिच्या हाती न देता न्यास करून विश्वस्तांकडे ठेवावा का, हे वकिलांना विचारतोय. आणि पुढच्या महिन्यात मुलाला घेऊन दोन-तीन वसतिगृहं बघून येणार आहोत. घाई नाही, पण बघितलेली असावीत.

मी एक वहीही केलीय. छकुलीला भात मऊ लागतो, झोपताना गोधडीचं टोक हातात लागतं, फटाक्यांना घाबरते, फिटची गोळी रात्री नऊला. हे कुठल्याच अर्जात विचारत नाहीत, म्हणून मीच लिहून ठेवतेय.

तुमच्या घरात असं लेकरू असेल तर ते अठरा व्हायच्या आधीच हा विषय काढा. आणि ज्याच्यावर भिस्त ठेवलीय, त्याला एकदा विचारा तरी.