ठेवणीतली गाडी

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास सापडतं: 'फक्त १४,००० किमी, सिंगल ओनर, पावसात कधी काढलेली नाही.' ते वाचून घेणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि विकणारा किंमत वर चढवतो. गाडी दहा वर्षं जुनी आणि वेगासाठी बनवलेली असेल, तर हे वाक्य मला त्या गाडीवर झालेल्या अन्यायाचा कबुलीजबाब वाटतं.

मी फेरारी-लॅम्बोर्गिनीबद्दल बोलत नाहीये, त्यांच्या मालकांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. मी बोलतोय ते पगारदार माणसाच्या आवाक्यात कधीतरी येऊन गेलेल्या गाड्यांबद्दल. औरंगाबादला जुळवलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, किंवा रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली फियाट अबार्थ पुंटो. ही पुंटो २०१५ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या जरा आत होती, आणि त्या पैशात १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळत होते. ज्यांना कळलं त्यांनी धावत जाऊन घेतली. मग मुलं झाली, ऑफिस हिंजवडीच्या पलीकडे गेलं, घरात ऑटोमॅटिक गियरची उंच गाडी आली, आणि पुंटो पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली गेली. विकली मात्र नाही, कारण जीव जडलेला. अशाच एका पुंटोचा मी दुसरा मालक आहे, त्यामुळे पुढचं सगळं बिलांच्या फाइलसकट लिहितोय.

आपल्याकडे 'ठेवणीतलं' हा एक खास शब्द आहे. ठेवणीतली साडी, ठेवणीतले कप, अगदी ठेवणीतला आवाजसुद्धा. चांगली वस्तू वापरायची नाही, पाहुण्यांसाठी ठेवायची, हा संस्कार इतका मुरलेला आहे की नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक आपण वर्षभर काढत नाही. पण ज्या आजीनं आपल्याला हे शिकवलं, तिला ठेवणं म्हणजे काय हेही ठाऊक होतं. ती पैठणी वर्षातून दोनदा बाहेर काढायची, वारा द्यायची, घडी मोडून दुसरीकडून घालायची, कारण एकाच घडीवर जर चिरते. आपण आजीकडून कपाटाचं कुलूप तेवढं घेतलं. खंडेनवमीला झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक, आणि पुन्हा कव्हर.

त्या कव्हरखाली काय चालतं ते बघू. गाडीच्या देखभालीला दोन घड्याळं असतात, एक किलोमीटरचं आणि एक कॅलेंडरचं. सर्व्हिस बुकात 'इतके किमी किंवा इतके महिने, जे आधी येईल ते' असं लिहिलेलं असतं. आपण वाक्याचा पहिला भाग वाचतो. गॅरेजात ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात तो द्रव हवेतली ओल शोषतो, गाडी उभी असो की पळत असो. डॉट-४ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली चालते, असं खुद्द मानकच सांगतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. तीन वर्षांत दोन हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या मालकाला हे सांगून बघा. 'अहो, पण चाललीच कुठे आहे?'

बॅटरीचा हिशेब तर शाळकरी आहे. बंद गाडीतही अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉकिंग असं काहीबाही जागं असतं. ५० मिलिअँपिअर धरा. दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. बॅटरी ६० ची. म्हणजे महिन्याभरात निम्म्याहून जास्त रिकामी, आणि शिशाची बॅटरी रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग ती चार्ज केली तरी पूर्वीसारखी उभी राहत नाही. तिकडे एसीच्या काँप्रेसरचं सील ऑइल फिरत नाही म्हणून सुकतं. टाकीतल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि त्यातलं इथेनॉल ओल धरतं. २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं पंपावर आलेलं वीस टक्क्यांचं पेट्रोल तर या गाड्यांसाठी नव्हतंच, पण त्यावर भांडायला वेगळा लेख लागेल. उंदरांबद्दल काय बोलायचं? त्यांना साध्या गाडीची वायर आणि टर्बोची वायर यांतला फरक कळत नाही, चार दिवस न हललेली गाडी मात्र बरोबर कळते.

यावर आपल्या सोसायट्यांमध्ये एक सर्वमान्य तोडगा आहे: दर रविवारी गाडी जागच्या जागी पाच मिनिटं सुरू करायची. स्वतः, नाहीतर वॉचमनकाका. या विधीचा मला मनापासून राग आहे. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल पाजतो, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. जळण्यातून तयार झालेली वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साठते आणि त्याला आतून खाते. ही ओल आणि हे पेट्रोल उडून जायला ऑइल नीट तापावं लागतं, आणि पाच मिनिटांत ते तापत नाही. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला तरी तो पाण्याचं तापमान सांगतो, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. बॅटरीनं आठवड्याभरात गमावलेले आठ-साडेआठ अँपिअर-तासही पाच मिनिटांत भरत नाहीत. म्हणजे गाडीचा फायदा शून्य, पण मालकाला आपण काहीतरी केल्याचं समाधान. आमच्या धंद्यात याला जोड आहे: रोज रात्री बॅकअप घेतला जातो, पण तो परत चढवून कुणी कधी पाहिलेला नसतो.

इथवरचं नुकसान मालकाच्या खिशातलं आहे, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण ही गाडी कधीतरी बाहेर निघते. डिसेंबरातली एखादी रविवार-सकाळ, मित्र आलेले, एक्स्प्रेसवे रिकामा. तिच्या टायरची नक्षी नव्यासारखी खोल दिसते, कारण झिजायला रस्ताच लागलेला नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. ३५१६ असेल तर तो २०१६ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. रबर बसल्या बसल्या कडक होतं, आणि चिकट पकडीसाठी बनवलेलं मऊ रबर कडक झालं की ज्या गुणासाठी ते घेतलं तोच जातो. मिशेलिनसारखी कंपनीही सांगते की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांना नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदला. आता या टायरांवर, त्या पाणी मुरलेल्या ब्रेक ऑइलवर, १४५ हॉर्सपॉवरची गाडी खंडाळ्याचा घाट उतरतेय. प्रत्येक वळणाआधी ब्रेक तापतोय, आणि कुठल्या तरी वळणावर पॅडल मऊ लागतं. चालवणारा वर्षभर ऑटोमॅटिक गाडीत ट्रॅफिकमध्ये बसलेला, ही गाडी किती लवकर वेग धरते हे त्याच्या पायाच्या आठवणीतून गेलेलं. हात आणि पायही गंजतात. पुढच्या लेनमध्ये कुणाचं तरी कुटुंब अलिबागला निघालेलं असतं, त्यांनी या जपणुकीची किंमत का मोजावी?

न चालवण्याच्या बाजूनं सगळ्यात वजनदार युक्तिवाद पैशाचा आहे: ही गाडी आता पुन्हा बनणार नाही, कमी चाललेली ठेवली तर भाव येईल. मान्य करू की असं घडतं. १९९५ ची एक मॅक्लारेन एफ-१ ऑगस्ट २०२१ मध्ये पेबल बीचच्या लिलावात २ कोटी ४ लाख डॉलरच्या वर गेली, आणि ती जेमतेम ३९० किमी चाललेली होती. पण या गाडीची इंधनाची टाकी रबरी पिशवीसारखी असते आणि गाडी हलो न हलो, ठरावीक वर्षांनी बदलावीच लागते. याच जातीची दुसरी गाडी नट रोवन अ‍ॅटकिन्सनकडे होती. त्यानं ती सुमारे ६६,००० किमी चालवली, दोनदा ठोकली, २०११ च्या अपघातानंतर विमा कंपनीनं दुरुस्तीला ९ लाख पौंडांच्या वर खर्च केले, आणि २०१५ मध्ये ती सुमारे ८० लाख पौंडांना गेली. भाव पहिलीला जास्त आला, हे खरंच. पण मॅक्लारेनची गोष्ट पुंटोला लावणाऱ्यानं फोक्सवॅगनची पोलो जीटीआय आठवावी. २०१६ च्या अखेरीस भारतासाठी फक्त ९९ गाड्या आल्या, किंमत २६ लाखांच्या घरात. दुर्मिळ म्हणावी तर याहून दुर्मिळ काय? पुढच्याच वर्षी कंपनीनं किंमत जवळपास सहा लाखांनी उतरवली. गुंतवणूकच करायची तर म्युच्युअल फंडाला उंदीर लागत नाहीत.

दुसरीकडचे लोक म्हणतात, मग विका ना. एक्स्प्रेसवेवर मर्यादा ताशी १०० ची, शहरात दर पन्नास मीटरवर स्पीडब्रेकर, वर पेट्रोलची नासाडी. नासाडीचं गणित करून ठेवलंय. दर पंधरा दिवसांनी ५० किमी, म्हणजे वर्षाला १,३०० किमी. बाराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर ११० लिटरच्या आत. ज्याला हे पेट्रोल आणि दोन आठवड्यांतून एक तास जड वाटतो, त्यानं खरंच विकावी, माझी हरकत नाही. पण वेगवान गाडी म्हणजे फक्त कमाल वेग, असं समजणाऱ्यानं वरंधा घाटात तिसऱ्या गियरमध्ये, मर्यादेच्या आत राहून, असं स्टिअरिंग हातात घेऊन बघावं. बाकी ज्याला ती विकवतही नाही आणि चालवायचीही नाही, त्याच्याशी माझं भांडण आहे.

कारण त्याच्या कव्हरची झळ मलाही लागते. बीएस-६ येण्याच्या आतच फियाटनं भारतातल्या आपल्या गाड्या थांबवल्या. रांजणगावात आता जीप बनतात. टर्बो पुंटोचा टायमिंग बेल्ट, ज्याला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मर्यादा आहे आणि जो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन खोलायची वेळ येते, तो दुकानदार मागवून कधी ठेवेल? गिऱ्हाईक आलं तर. गाड्या उभ्या राहिल्या की मागणी आटते, मागणी आटली की दुकानदार माल ठेवत नाही, आणि ज्या मिस्त्रीच्या बोटांना या इंजिनाची सवय होती तो पोट भरायला दुसऱ्या गाड्यांकडे वळतो. माझ्या गाडीचे टर्बोचे होझ मिळायला सात आठवडे लागले. त्याच काळात माझ्या ओळखीत तीन पुंटो कव्हरखाली निवांत होत्या, आणि त्यांच्या तिन्ही मालकांनी मला एकच प्रश्न विचारला: 'पार्ट्स मिळतात का रे अजून?'

घेणाऱ्यांनी ठरवलं तर यातलं बरंच बदलेल, कारण ओडोमीटरच्या आकड्याला देव केलं ते घेणाऱ्यांनीच. गाडी बघायला गेलात तर आकड्याच्या आधी टायरवरचा आठवडा वाचा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं त्याचं बिल मागा. टायमिंग बेल्टची तारीख विचारा, किलोमीटर नको. गाडी तुम्ही पोचायच्या आधीच सुरू करून ठेवली असेल, तर चहा घेऊन परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. मी स्वतः थांबलोय ती जाहिरात अशी: 'अबार्थ पुंटो, ७१,००० किमी, बेल्ट आणि वॉटर पंप दोन वर्षांपूर्वी, टायर गेल्या वर्षीचे, पुढच्या बंपरला दगडांचे टवके, पावसाळ्यातही चालते, सर्व बिलं आहेत, भाव कमी होणार नाही.' असं कुणी लिहिलं तर मी भाव करणार नाही.