हसतील त्यांचे दात दिसतील

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जो मेळा भरतो, तो ज्याने पाहिला नाही त्याला डोंबिवली कळली असे मी म्हणणार नाही. गणेश मंदिरात दर्शन घ्यायचे आणि मग नव्या कपड्यांत रस्त्यावर उभे राहून मित्रमैत्रिणींना भेटायचे, ही तिथली जुनी रीत. पूर्वी चोरून बघण्याला जे महत्त्व होते, ते आता फोटोला आले आहे. गेल्या दिवाळीत मी एका दुकानाच्या पायरीवर बसून नातीची वाट पाहत होतो. तिच्या घोळक्यात नऊ मुली होत्या. मोबाइल उंच धरला गेला, 'स्माइल' अशी आरोळी उठली आणि नवांपैकी चौघींनी ओठ घट्ट मिटून घेतले. चौघींच्याही दातांना तारा होत्या. त्यातली एक आमची.

घरी आल्यावर मी विचारले, "तोंड का मिटलंस गं?"

"आजोबा, रेल्वे ट्रॅक दिसतात ना!"

"अगं, ठाण्याला पहिली गाडी आली १८५३ साली, कल्याणला १८५४ साली. आपली सगळी वस्ती रुळांच्या कडेनेच वाढली. रुळांची कसली लाज?"

ती हसली; पण तोंडावर हात धरून.

तो हात माझ्या ओळखीचा होता. माझी थोरली बहीण असाच हात धरून हसायची. तिचे वरचे दात पुढे होते. १९७८-७९ च्या सुमारास कल्याणला आमच्या चाळीत स्थळ येऊन गेले की आठवड्याभरात पोस्टकार्ड यायचे, 'योग नाही'. मध्यस्थ मात्र खरे कारण आईच्या कानात सांगून जायचा. पुढे लग्न झाले, संसारही चांगला झाला. पण तो हात साठी उलटली तरी सुटला नाही. त्यामुळे दातांना तारा म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे मी कधीच म्हणणार नाही. वेळेवर उपचार झाले असते तर माझ्या बहिणीचे अर्धे आयुष्य मोकळेपणाने हसण्यात गेले असते. प्रश्न वेगळाच आहे. जो हात सुटावा म्हणून आपण उपचार करतो, तोच हात उपचारामुळे मुलांना लागत तर नाही ना?

तारा करतात काय, हे आधी समजून घेऊ. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्यावर हलका पण सततचा दाब राहिला, की ज्या बाजूला तो सरकतो तिथले हाड झिजते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवे हाड भरते. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. म्हणून उपचार दीड-दोन वर्षे चालतात आणि तारा निघाल्यावरही दात जुन्या जागी परतू नयेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो. या विद्येची पहिली शाळा अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १९०० साली काढली. आपल्याकडे इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली १९६५ साली.

बदल नुसत्या दातांत होत नाही. पुढे आलेले दात मागे गेले की ओठ सहज मिटतात, हनुवटीवरचा ताण जातो, बाजूने दिसणारा चेहराच पालटतो. पण आधी उलटा प्रवास असतो. ओठ आतून सोलतो, घास अडकतो, चिक्की-चकली-कणीस बंद होते आणि हसू जपून उघडावे लागते. तेही नेमके बाराव्या-तेराव्या वर्षानंतर. कारण अक्कलदाढा सोडून बाकीचे कायमचे दात तोवर आलेले असतात. आरशाशी भांडण सुरू होते तेही याच वयात.

मी बँकेत अधिकारी होतो तेव्हा, १९९० च्या दशकात, कर्जाच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात स्कूटर, फ्रिज, मुलीचे लग्न, घराची डागडुजी असे लिहिलेले असे. 'दात' हे कारण मी एकदाही वाचले नाही. आज ठाण्यात नौपाड्यात, कल्याणात, डोंबिवलीत दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या जागोजागी दिसतात आणि हप्त्यांची सोयही मिळते. घरात मूल एक किंवा दोन, पगार दोन. उपचारही सुसह्य झाले. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवत. आता छोटी ब्रॅकेट चिकटवतात. त्यात मोबाइलचा कॅमेरा. आमच्या लहानपणी वर्षाकाठी एक फोटो निघे, तो शाळेचा. आता दिवसाला दहा निघतात.

अशा वेळी गरज कोणती आणि हौस कोणती, हे कोणी ठरवायचे? माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिथे सरकारी आरोग्यसेवेत अठरा वर्षांखालील मुलांच्या दातांची पाच श्रेणींत प्रतवारी करतात. ही पद्धत १९८९ ची. चौथ्या-पाचव्या श्रेणीतल्या मुलांना उपचार मोफत. तिसरीतल्या मुलाचे दात दहा छायाचित्रांशी ताडून मग निर्णय. आपल्याकडे हा निर्णय बहुधा आई, शेजारीण आणि वर्गातल्या मैत्रिणी मिळून घेतात.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा महापालिकेच्या शाळेत जातो. त्याचे वरचे दात खरोखर पुढे आहेत. असे दात पडल्या-धडपडल्यावर तुटण्याचा धोका अधिक असतो. फडके रोडवरच्या त्या चौघींपेक्षा त्याची गरज मोठी. मुंबईत १९३३ साली सुरू झालेले नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, सरकारी दंत महाविद्यालय आहे; खासगीपेक्षा खर्च पुष्कळ कमी. पण दोन वर्षे दर महिन्याला मुलाची शाळा आणि बापाचा खाडा, हा हिशेब त्याला परवडत नाही. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण कोणाला कशी लागू पडेल सांगता येत नाही.

दुसरे टोक जाहिरातींचे. अमेरिकेत २०१४ साली स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी निघाली. डॉक्टरच्या खुर्चीत न बसता दात सरळ करणारे पारदर्शक साचे ती टपालाने घरपोच पाठवी. डिसेंबर २०२३ मध्ये तिने टाळे लावले. अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. हप्तेवाल्यांनी मात्र हप्ते पूर्ण फेडावेत, असे तिने कळवले. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा तपशील विसरता येत नाही. दात सरकतात सावकाश. तेव्हा दर महिन्याला ज्याच्यापुढे जाऊन तोंड उघडता येईल, असा डॉक्टर गाठावा.

आणि थोडा वाकडेपणा राहिला तर? मौशुमी चटर्जीच्या एकावर एक चढलेल्या दातावर आमची पिढी खूश होती. जपानमध्ये २०११ च्या सुमारास मुली पैसे मोजून तसा सुळा बसवून घेत होत्या. खरे हसू ओठांइतकेच डोळ्यांभोवतीच्या स्नायूंतून येते, हे ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवले आहे. तिथे तार पोहोचत नाही.

भाऊबिजेला बहीण आली. नातीने सगळ्यांची नजर चुकवून चकली खाल्ली आणि कट्कन ब्रॅकेट निघाले. तिचा चेहरा पाहून बहिणीला हसू आवरेना; मग नातही हसत सुटली. दोघींचे हात एकदमच तोंडावर गेले. एकीला तारा मिळाल्या नाहीत म्हणून, दुसरीला मिळाल्या म्हणून.

मी दोघींना म्हटले, "हात काढा. हसतील त्यांचे दात दिसतील." ही म्हण निंदकांसाठी आहे हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी ती मी सरळ अर्थाने वापरली. नातीने हात काढला. बहिणीने जरा वेळ घेतला.

तारा बसवायच्या तर जरूर बसवा. डॉक्टरला विचारा, मुलालाही विचारा. मात्र ती दोन वर्षे त्याला घरात कोणी चिडवणार नाही, एवढे बघा आणि तारांसकट हसतानाचा त्याचा एक फोटो भिंतीवर लावा. आमच्या दिवाणखान्यात तो लागला आहे.