नोबेलमुळे चर्चेत आलेल्या टी-रेग पेशी : तुम्हाला त्यांची तपासणी करायची गरज आहे का?

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना जाहीर झाल्यापासून संधिवाताचे आणि थायरॉइडचे रुग्ण दवाखान्यात एकच प्रश्न विचारतात : "डॉक्टर, त्या टी-रेग पेशींची तपासणी करून घेऊ का?" बातम्यांमध्ये 'आता ऑटोइम्यून आजार बरे होणार' असे मथळे आले, त्यामुळे प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर समजण्यासाठी या पेशी ओळखतात कशा, ते आधी पाहू.

सारख्या दिसणाऱ्या पेशी वेगळ्या कशा करतात?

सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ सारख्याच दिसतात. कामे मात्र वेगळी असतात. फरक असतो तो त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत. या प्रथिनांना सीडी ४, सीडी ८, सीडी १९ असे क्रमांक दिलेले आहेत.

ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी प्रयोगशाळेत तयार करता येते. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी ही पद्धत शोधली आणि त्यांनाही १९८४ मध्ये नोबेल मिळाले. या अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडतात, ती रक्तात मिसळतात आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडतात. कोणती पेशी कोणत्या रंगाने चमकली, हे यंत्र मोजते. यालाच फ्लो सायटोमेट्री म्हणतात.

साकागुचींनी काय केले?

प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी असाव्यात, ही कल्पना १९७० च्या दशकातच मांडली गेली होती. पण त्या ओळखायची खात्रीची खूण हाती नव्हती, त्यामुळे पुढे या कल्पनेवरचा विश्वासच उडाला.

१९९५ मध्ये साकागुचींनी ती खूण दाखवली : सीडी २५. निरोगी उंदरांच्या सीडी ४ पेशींपैकी सुमारे १० टक्के पेशींवर ती होती. अँटीबॉडीच्या मदतीने त्यांनी नेमक्या या पेशी काढून टाकल्या आणि उरलेल्या पेशी टी-पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांच्या शरीराने स्वतःच्याच थायरॉइड, जठर अशा अवयवांवर हल्ला केला. काढलेल्या पेशी परत दिल्यावर हा आजार टळला. २००१ मध्ये ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक शोधले. ते बिघडले की लहान मुलांना आयपेक्स नावाचा गंभीर आजार होतो. हेच जनुक टी-रेग पेशींची घडण ठरवते, हे २००३ पर्यंत स्पष्ट झाले.

मग तपासणी का नको?

कारण माणसात ही खूण तितकी स्वच्छ नाही. साधा ताप-सर्दीचा संसर्ग झाला, तरी लढायला निघालेल्या टी-पेशींवरही सीडी २५ दिसते. म्हणजे हल्ला करणारा आणि आवर घालणारा, दोघांच्या अंगावर एकच गणवेश! म्हणून संशोधक सीडी ४ आणि सीडी २५ यांच्यासोबत सीडी १२७ कमी आहे का तेही पाहतात आणि पेशीच्या आतील फॉक्सपी३ तपासतात. एवढे करूनही कळते ती संख्या. त्या पेशी काम नीट करतात की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय सांध्यात किंवा थायरॉइडमध्ये काय चालले आहे, ते रक्ताच्या नमुन्यात दिसेलच असे नाही.

त्यामुळे टी-रेगचा आकडा कमी आला किंवा जास्त, तुमची गोळी त्यावरून बदलणार नाही. ज्या तपासणीने उपचार बदलत नाहीत, तिच्यावर पैसे का घालवायचे?

हेच तंत्र कुठे खरोखर उपयोगी आहे?

- एचआयव्ही : सीडी ४ ची संख्या २०० च्या खाली गेली की इतर संसर्गांचा धोका बराच वाढतो.
- रक्ताचा कर्करोग : कोणत्या प्रकारच्या पेशी वाढल्या आहेत, हे ठरवण्यासाठी.
- वारंवार गंभीर संसर्ग होणारी लहान मुले : जन्मजात प्रतिकारशक्ती-दोष शोधण्यासाठी.
- कार-टी उपचार : आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या उपचाराचे लक्ष्य सीडी १९ हेच आहे.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

टी-रेग पेशी वापरून उपचार करण्याच्या चाचण्या जगात सुरू आहेत. मात्र संधिवात, टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडसाठी हा अजून नेहमीचा उपचार झालेला नाही. 'टी-रेग वाढवणारे' पूरक पदार्थ कोणी विकत असेल, तर पुरावा मागा. आणि सर्वांत महत्त्वाचे : नवा उपचार येईल या आशेवर मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन किंवा थायरॉक्सिन स्वतःहून बंद करू नका. १९९५ च्या प्रयोगाला नोबेल मिळायला ३० वर्षे लागली. तुमचे सांधे आणि तुमची साखर तेवढी वाट पाहू शकत नाहीत.